मुंगसाला आलेली नोटीस

सोलापूरच्या नवी पेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात दानेश्वरीच्या मोरांमध्ये एक परका कागद घुसला. ती चादरीच्या कारखान्यात नक्षी काढायची. छापायला दिले होते सात मोर, आठवा कागद निघाला इंग्रजीत — आमच्या मालकीचं पात्र वापरून केलेला तुमचा गेम शनिवारी पाचच्या आत बंद करा, नाहीतर कोर्टात या.

"तो माझा हाय," शेजारचा उंच, सावळा तरुण म्हणाला. शर्टाचं एक बटण भलत्याच काजात.

"म्हणजे चोर तुम्हीच की!"

दानेश्वरीची जीभ अशीच, आधी धावायची. पण कारणही तसंच होतं. गेल्या वर्षी तिचा मोर दुसऱ्या एका कारखान्यानं जसाच्या तसा विणला आणि काठात नाव मात्र स्वतःचं घातलं. तेव्हापासून नक्कल म्हटलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

चोर मात्र हसला. नाव नंदीश, गाव अक्कलकोट, कम्प्युटर क्लासात शिकवायचा. "शाळेत असताना हा मुंगसाचा गेम खेळायचो. कंपनीनं कधीच बंद केला. मग मीच तीन वर्षं खपून नव्यानं केला, मराठीत आन् कन्नडमध्ये. सगळ्यांना फुकट."

"मग कंपनीला कळलं कसं?"

त्यानं मान खाली घातली. "मीच कळवलं... उद्‌घाटनाची पत्रिका धाडली. आपली उपस्थिती प्रार्थनीय, म्हणून."

"अगं बाई!" ती इतकी हसली की दुकानदार मल्लिनाथकाका चष्म्यावरून बघायला लागले. "मग आले का?"

"आले की. वकील घेऊन."

त्या संध्याकाळी चोराची झडती घ्यायची म्हणून तिनं गेम उघडला. पहिल्याच पानावर ठळक अक्षरात मूळ कंपनीचं नाव. नंदीशचं नाव कुठंच नाही... शेवटपर्यंत शोधलं, नाही! मुंगूस मात्र सोलापुरातल्या गच्च्यांवरून, वाळत घातलेल्या चादरींखालून पळत होतं. पळता पळता ते थेट तिच्या मनात शिरलं, आणि एकटं शिरलं नाही.

मग रोज चहा, आणि चहाबरोबर भांडण.

"मुंगूस त्यांचं, मान्य," ती म्हणायची. "पण ते स्वतः गेम देत नाहीत, तुम्ही एक पैसा घेतला नाही. मग तीन वर्षांची मेहनत एका कागदानं पुसायची? हा कुठला न्याय?"

"मी तरी कुटं विचारलं होतं? नुसतं सांगितलं," तो म्हणाला. "तुमच्या मोराचं असं केलं असतं तर?"

तिनं कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "मला विचारलं असतं ना... तर दिला असता मी मोर."

त्यानं तिच्याकडे बघितलं, आणि त्याचा चहा निवून गेला.

शनिवारी पाचला दहा कमी असताना रिकाम्या क्लासात दोघं बसले होते. नंदीशचं बोट माऊसवर ठेवलेलं, पण दाबवेना. शेवटी दानेश्वरीनं आपला हात त्याच्या हातावर ठेवला. मुंगूस गेलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं लपवलंही नाही.

"नवा गेम करतोय," तो एक कोरी वही पुढे सरकवत म्हणाला. "सगळा माझ्या मनातला. पण त्यात एक मोर पायजे... तुमचा. ह्या वेळी आधी विचारतोय."

"फक्त मोर?"

"न्हाय—" त्यानं वही अजून पुढे सरकवली. "मोरवाली पण. लई आवडता तुमी मला."

"देते," ती म्हणाली. लाजली, पण नजर हटवली नाही. "अट एकच. काठात दोघांचं नाव. आणि हे अहो-जाहो बंद कर."

त्यानं पेन्सिल घेतली. वहीच्या काठाला जपून, वळणदार अक्षरात लिहिलं — दानेश्वरी. आणि थांबला.

"अन् तुझं रे?"

"मला न्हाय जमत माझं घालायला," तो पेन्सिल तिच्या हातात देत म्हणाला. "तू लिही की."