एकहाती गाडी

फोन उचलताच पलीकडची बाई म्हणाली, "मला गाडी घ्यायची नाहीये. पण तपासून हवीये. आजच."

झडतीबाईनं हातातला पाना खाली ठेवला. जुनी गाडी विकत घेण्याआधी लोक तिला बोलवायचे. गाडीला अपघात झालाय का, मीटर मागं फिरवलंय का, सर्व्हिसचे कागद खरे की बनवलेले, हे ती सांगायची. झडतीबाई हे नाव दलालांनी ठेवलेलं. ते प्रेमानं ठेवलं नव्हतं.

"घ्यायची नाही, तर तपासायची कशाला?"

"माझ्या दादाची गाडी आहे ती. दादा गायब आहे. सकाळी कामाला म्हणून गाडी घेऊन निघाला तो आलाच नाही. फोन बंद. आणि आता ती गाडी विकायला उभी आहे."

"पोलिसांना सांगितलंत?"

"फौजदार म्हणतात, मोठा माणूस आहे, गाडी विकून स्वतःहून गेला असेल. विक्रीच्या कागदावर त्याची सही आहे म्हणे." बाईचा आवाज चिरकला. "पण जाहिरातीत सर्व्हिसचा सगळा इतिहास टाकलाय. शेवटचं सर्व्हिसिंग तो गेल्यानंतरचं आहे. गेल्यानंतरचं, ताई! मेलेला माणूस ऑइल बदलून घेतो का?"

तिच्या धंद्यात माणसं कागदावर विश्वास ठेवायला आतुर असतात. ही बाई एका कागदावर जीव टांगून बसली होती.

"तो जिवंत आहे, एवढं फक्त मला गाडीवरून सांगा," बाई म्हणाली.

"गाडीवरून जे कळेल ते सांगेन. तुम्हाला आवडेल ते नाही."

*

दलालाचं आवार पत्र्याच्या कुंपणात होतं. गाड्या पुसून, टायरांना काळं फासून ओळीनं उभ्या होत्या. दलालानं झडतीबाईला पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"आली झडती! आज कुणाचा सौदा मोडणार?"

"या ताईंना ती करडी गाडी बघायचीय."

दलालाचा चेहरा लगेच बदलला. "वहिनी, डोळे मिटून घ्या. एकहाती गाडी आहे! एकच मालक, एकच चालवणारा. दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. एकहाती!"

बहिणीनं मान खाली घातली. ती गाडीच्या जवळ गेली, दाराच्या मुठीला बोटं लावली आणि लगेच काढून घेतली.

"तुमच्याकडे कुठून आली?" झडतीबाईनं विचारलं.

"लिलावातून. मी मालकाचं तोंड पाहिलेलं नाही. कागद पक्के आहेत."

"शेवटचं सर्व्हिसिंग कुठं झालं?"

"घरून गाडी उचलून नेतात ना, त्या कंपनीकडे. वॉचमनकडे चावी ठेवायची, गाडी धुऊन-पुसून परत येते. मालकाला कुणी बघत नाही, मालक कुणाला बघत नाही. सुखाचा मामला."

"त्याआधी कायम एकाच गॅरेजमध्ये जायची. मग शेवटच्या खेपेलाच गॅरेज का बदललं?"

"आता बायको बदलतात लोक, तुम्ही गॅरेजचं काय घेऊन बसलात!"

झडतीबाईनं सर्व्हिसचे कागद बोनेटवर पसरले. ऑइल, ब्रेकपॅड, कूलंट. सगळं वेळच्या वेळी. इंजिनचा एअर फिल्टर जुन्या गॅरेजनं बदललेला. नव्या कंपनीनं पुन्हा बदललेला. मध्ये गाडी फारशी चाललेलीच नव्हती. तिचं बोट त्या ओळीवर थांबलं.

"इतक्यात फिल्टर कसा चोंदला?"

"रस्त्यावर धूळ काय कमी आहे, ताई?"

ती आत बसली, पुढच्या कप्प्याखाली वाकली आणि एक झाकण काढलं. गाडीच्या आतल्या हवेचा दुसरा फिल्टर तिथं असतो. शेवटच्या सर्व्हिसिंगला त्याला कुणी हात लावला नव्हता. तिनं तो कागदावर आपटला. करडी, खरखरीत भुकटी पडली. रस्त्याची माती तांबूस असते, मऊ असते. ही बोटाला टोचत होती.

"डिकी उघडलीत, बोनेट उघडलंत, आता हे," दलाल कुरकुरला. "माझं पोट तेवढं राहिलंय."

"त्याचीही वेळ येईल."

मग ती ड्रायव्हरच्या सीटवर सरकली. स्टिअरिंगवर हात ठेवला आणि तशीच बसून राहिली.

चामड्याचं आवरण सगळीकडून नव्यासारखं होतं. माणसं जिथं डावा हात ठेवतात तिथंही. फक्त उजवीकडे, वरच्या बाजूला, तळहाताएवढ्या पट्ट्यात ते झिजून गुळगुळीत झालं होतं. त्या पट्ट्यात दोन आडवे खोल वळ होते. काहीतरी घट्ट आवळून बसवलेलं असावं तसे. वळांच्या तळाशी पांढरट, वाळलेलं पॉलिश साचलं होतं.

"एकहाती," ती स्वतःशीच म्हणाली.

तिनं काच खाली केली. "ताई, इकडे या. तुमचा दादा एकाच हातानं गाडी चालवायचा का?"

बहिणीचा चेहरा पांढरा पडला. तिनं आधी दलालाकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"इथं लट्टू बसवलेला होता. एका हातानं स्टिअरिंग फिरवायला लावतात तो. डावा हात इथं कधी टेकलेलाच नाही."

बहीण खिडकीजवळ सरकली. "लहानपणी तापात गेला त्याचा डावा हात. शाळेत पोरं त्यावरून चिडवायची. आईनं घरात सक्त ताकीद दिली होती, त्या हाताचा शब्द काढायचा नाही. आई गेली, तरी आम्ही नाही काढला. माझ्या तोंडून तो शब्द निघतच नाही."

"लट्टू काढला तर त्याला ही गाडी चालवता येईल?"

"गल्लीच्या बाहेरसुद्धा नाही."

झडतीबाई खाली उतरली. जे सांगायचं होतं ते तिला फिरवून सांगता येत नव्हतं. "शेवटच्या सर्व्हिसिंगला आतून पॉलिश मारलंय. ते या वळांच्या आत गेलंय. म्हणजे पॉलिश मारलं तेव्हा लट्टू नव्हता. गाडी सर्व्हिसिंगला दिली ती दादानं नाही, ताई."

बहीण गाडीच्या चाकाशी मटकन बसली. "म्हणजे ऑइल त्यानं नाही बदललं." तिनं तोंडावर पदर दाबला. "मी रोज रात्री तो कागद उशाला घेऊन झोपत होते हो."

दलालानं पाण्याची बाटली आणून तिच्या शेजारी ठेवली. पहिल्यांदाच त्याला विकण्यासारखं काही सुचलं नाही.

झडतीबाई तिच्याजवळ उकिडवी बसली. "दादाला शेवटचं कुणी पाहिलं?"

"ह्यांनी. माझ्या नवऱ्यानं. आम्ही एकाच इमारतीत राहतो, दादा खालच्या मजल्यावर. हे गॅलरीत उभे होते. कोपऱ्यावर वळता वळता दादानं खिडकीतून हात हलवला म्हणे, नेहमीसारखा. तेवढंच आता डोळ्यांपुढं ठेवते मी."

"तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"नाही. मी आत होते."

"नवरा काय करतो?"

"खडीच्या क्रशरवर सुपरवायझर आहेत. का?"

झडतीबाईनं भुकटीची पुडी पर्समध्ये टाकली. "त्यांचे कपडे तुम्हीच धुता?"

"मग काय ते धुणार?" रडता रडताही बहिणीच्या तोंडून निघून गेलं. "पूर्वी धुवून धुवून हात सोलायचे. करडी वाळूच नुसती. हल्ली बरं आहे, ऑफिसात बसवतात त्यांना."

*

संध्याकाळी बहिणीच्या घरी चौघं बसले होते. फौजदार नाखुशीनं आला होता. दुपारी झडतीबाईनं त्याला क्रशरवर एक फोन करायला लावला होता, त्याचं उत्तर मिळाल्यावरच तो जागचा हलला. नवरा नुकताच कामावरून आला होता. पांढरा शर्ट, बाह्यांची इस्त्रीही मोडली नव्हती. त्यानं सगळ्यांना स्वतः पाणी दिलं.

"काही कळलं का?" त्यानं काळजीनं विचारलं. "ही तर जेवतसुद्धा नाही."

"दोन-चार गोष्टी विचारायच्यात," झडतीबाई म्हणाली. "दादा निघाले तेव्हा तुम्ही गॅलरीत होतात?"

"हो."

"आणि कोपऱ्यावर वळताना त्यांनी हात हलवला."

"हो. रोजचीच सवय त्याची."

"कुठला हात?"

नवरा हसला. "कुठला म्हणजे? उजवा. दुसरा त्याला..." तो थांबला.

"मग वळताना स्टिअरिंग कुणी धरलं होतं?"

बहीण हळूहळू मान वर करून नवऱ्याकडे पाहू लागली.

"दुरून... नीट दिसलं नसेल," नवरा म्हणाला.

"त्याआधीही अनेकदा हात हलवायचे ना? सवय होती म्हणालात. गाडी वळवत असताना एका हाताच्या माणसाला ही सवय असूच शकत नाही. तुम्ही दोन हातांच्या माणसासारखा निरोप रचलात. घरात त्या हाताबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून कुणी टोकलं नाही."

"हे काय चाललंय?" नवरा फौजदाराकडे वळला. "एक गॅरेजवाली बाई घरात येऊन..."

"बोलू द्या त्यांना," फौजदार म्हणाला.

झडतीबाईनं पुडी उघडून टेबलावर ठेवली. "ही दादांच्या गाडीच्या आतल्या फिल्टरमधली. क्रशरची भुकटी. इंजिनचा फिल्टर याच भुकटीनं चोंदला, म्हणून तो बदलावा लागला. दादा क्रशरवर आले होते. का आले होते?"

"मला काय माहीत!"

"तुमच्या शर्टाला ही भुकटी का नाही?"

"मी ऑफिसात बसतो."

"क्रशरला केव्हाच टाळं लागलंय," फौजदार म्हणाला. "मी मालकाशी बोललो. ऑफिसालाही टाळं आहे."

"टाळं?" बहीण उभी राहिली. "मग तुम्ही रोज डबा घेऊन जाता कुठं?"

नवऱ्याची नजर स्वतःच्या स्वच्छ बाहीवर खिळली होती.

"मी सांगते," झडतीबाई म्हणाली. "नोकरी गेली, ते यांनी घरात सांगितलं नाही. रोज निघायचे, कुठंतरी बसून परत यायचे. दादांना संशय आला. त्या दिवशी ते कामावर गेलेच नाहीत, क्रशरवर गेले. टाळं पाहून यांना तिथंच बोलावलं असणार. पुढचं मला माहीत नाही. पण परत येताना गाडी यांनी चालवली. लट्टू हातात येत होता, म्हणून काढला. बंद क्रशरच्या आवारात साचलेल्या भुकटीनं गाडी भरली होती, ओळखीच्या गॅरेजमध्ये प्रश्न विचारले असते, म्हणून नव्या कंपनीला दिली. मग दादांची सही करून विकली, म्हणजे दादा स्वतःहून गेले असं वाटावं. दलाल मला म्हणाला, एकहाती गाडी आहे, दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. पहिलं खरं होतं. दुसरं नाही."

नवरा भिंतीला टेकून खाली बसला.

"तो म्हणाला, आत्ताच्या आत्ता तिला सांगतो," तो पुटपुटला. "मी म्हटलं, दादा, थोडे दिवस द्या. तो ऐकेना. वळला. मी फक्त हात धरायला गेलो, तर हाती तोच हात आला... मेलेला. मी दचकून ढकललं. लोखंडी जिन्यावर डोकं आपटलं त्याचं."

"कुठं आहे तो?" बहिणीनं विचारलं. तिच्या आवाजात काहीच उरलं नव्हतं.

"मी गाडीत घातला, दवाखान्यात न्यायला. वाटेत वाटलं, संपला. घाबरलो. हायवेच्या कडेला ठेवला. सकाळी परत गेलो तर तिथं कुणी नव्हतं. शपथ घेतो, कुणीच नव्हतं."

फौजदार पुढं झुकला. "म्हणजे कुणीतरी उचलून नेलं. त्या भागातले सगळे दवाखाने मी तेव्हाच विचारले होते. तुमच्या अर्जातलं वर्णन वाचून." त्यानं फोनवर जुना अर्ज उघडला. "उंची, रंग, कपडे. ओळखीची खूण: काही नाही."

"काही नाही?" झडतीबाई म्हणाली. "अर्ज कुणी लिहिला?"

"ह्यांनी," बहीण म्हणाली. "मी न वाचता सही केली. माझे डोळेच उघडत नव्हते."

ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. "हाताचं का नाही लिहिलंत?"

त्यानं तोंड फिरवलं. मग म्हणाला, "लिहिलं असतं तर लगेच सापडला असता."

फौजदाराच्या कपाळावर घाम आला होता. तो फोनमध्ये काहीतरी भराभर शोधत होता. "जिल्हा रुग्णालयात एक बेवारस रुग्ण आहे. डोक्याला मार, बोलता येत नाही, डावा हात निकामी. ही नोंद मी तेव्हाच वाचली होती. तुमचा माणूस धडधाकट, म्हणून सोडून दिली."

त्यानं वॉर्डचा नंबर लावला आणि बोलायला तोंड उघडलं. बहिणीनं फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

"सिस्टर, तुमच्याकडे जो बेवारस माणूस आहे ना..." ती अडखळली. झडतीबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"त्याचा डावा हात लुळा आहे का? बारीक आहे? बोटं आत वळलेली?"

"हो," पलीकडून आवाज आला. "डॉक्टर म्हणतात डोक्याच्या मारानं गेला."

"मारानं नाही हो. लुळाच आहे तो. लहानपणापासून लुळा आहे." तिनं तो शब्द पुन्हा एकदा म्हटला, मोठ्यानं, सगळ्या घराला ऐकू जाईल असा. "माझा दादा आहे तो. मला त्याच्याशी बोलू द्या."

"त्यांना कळेल असं वाटत नाही, ताई. कशालाच दाद देत नाहीत. फोन कानाला लावते, बोला."

चपलांचा आवाज आला, पडदा सरकल्याचा आवाज आला. मग कुणाचा तरी जड श्वास.

"दादा," ती म्हणाली. "मी आहे रे. निघाले मी. तुला न्यायला येते."

श्वास तसाच चालू राहिला. मग दुरून सिस्टरचा आवाज आला, घाईचा.

"ताई, बोलत राहा! थांबू नका. उजवा हात हलवतायत ते."