दोघांना एक हार

शुक्रवारी सकाळी इरावती दामलेच्या ऑफिसात जी मुलगी आली, तिच्या पाठीवर अजून विमानातली सॅक होती. ऑफिस म्हणजे वेलिंग्टनजवळच्या पेटोनीतल्या एका डेअरीच्या डोक्यावरची खोली. खाली दूध, पाव, सिगरेटी आणि वर गुप्तहेर, अशी ती इमारत.

विमा कंपनीत लोकांचे खोटे क्लेम पकडण्यात उमेदीची वर्षं घालवल्यावर इरावतीनं स्वतःचं काम सुरू केलं होतं. मदतीला दीर होता, देवव्रत. आयटीतली नोकरी गेल्यापासून तो वहिनीची गाडी चालवायचा आणि मनापासून चुकीचे निष्कर्ष काढायचा.

मुलीचं नाव सलमा मुकादम. ऑकलंडच्या फ्लॅट बुशला राहणारी, पेशानं नर्स. तिची मराठी कोकणी वळणाची होती. कराचीतून आलेल्या घरात ही भाषा टिकली कशी, याचं देवव्रतला इतकं नवल वाटलं, की तो काही टिपून घ्यायचंच विसरला.

तिची नानी खैरुन्निसा नव्वदीची, ऑकलंडच्या हॉस्पिसमध्ये शेवटचे दिवस मोजत होती. मूळची दापोलीकडची. वडील वारले आणि फाळणीनंतर आई, काका आणि ती बोटीनं कराचीला गेले. गेल्या आठवड्यात सलमानं तिला फोनवर एक पोस्टर दाखवलं. वेलिंग्टनच्या मराठी मंडळात मोरेश्वर केळसकरांचं व्याख्यान होतं: ‘सिमला ते लाहोर, मुस्लिम राष्ट्रवादाची वाढ’. पोस्टरवर दापोलीतल्या एका प्रचारसभेचा जुना फोटो होता. मधोमध तुर्की टोपी घातलेला माणूस आणि त्याच्या मांडीवर पाचेक वर्षांचा मुलगा.

“नानी उठून बसली,” सलमा म्हणाली. “हे अब्बा, म्हणाली. आणि हा बशीर, माझा भाऊ. पण फोनवर चेहरे म्हणजे नुसते ठिपके. तिला खरा फोटो हवाय.”

बुधवारी तिनं केळसकरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एक शब्दही न बोलता फोन सुनेकडे दिला. सून या म्हणाली. आज सकाळी सलमा पोचली, तर भिंतीवर फ्रेम होती आणि फ्रेममध्ये फोटो नव्हता.

“पोलीस हसतील मला. पण डॉक्टर म्हणतात, दोन-तीन दिवस. जस्ट एकदा तिला अब्बाचा चेहरा दिसू दे.”

इरावतीनं विचारलं, “त्या भावाचं काय झालं?”

तो लहानपणीच गेला, असं सलमा म्हणाली. तापानं फणफणला होता म्हणून त्याला गावी शेजाऱ्यांकडे ठेवलं. बरा झाला की न्यायचं ठरलं होतं. बाकीचे मुंबईच्या मुसाफिरखान्यात बोटीची वाट बघत असताना गावाहून माणूस आला. नानीची आई पडद्यातली, बायकांच्या खोलीत परका पुरुष येणार कसा? बाहेरचे निरोप आत न्यायला बारा वर्षांची नानीच होती. बशीर गेला, हे आईला तिनंच सांगितलं. पुढे दर वर्षी आई त्याच्या नावानं फातिहा पढायची.

“हे केळसकरांना सांगितलंस?”

“भाऊ वारला आणि फातिहा पढायचे, एवढं सांगितलं.”

इरावतीनं कोट उचलला.

लोअर हटमधलं केळसकरांचं घर स्टेशनपासून जवळच होतं. सून निशिगंधानं दार उघडलं. नवरा अक्षत ऑफिसला, मुलगी शाळेत आणि पाहुणीसमोर घराची अब्रू गेलेली, त्यामुळे तिचा चेहरा उतरला होता. हॉलमध्ये मंडळाचा सेक्रेटरी शुभम व्याख्यानासाठीचं सामान खोक्यात भरत होता.

फ्रेम जागेवर होती. काच पुसलेली, मागचे खिळे सरळ करून पुन्हा नीट वाकवलेले. इरावतीनं ती परत टांगली आणि बाकीची भिंत न्याहाळली. शेजारी दोन फोटो होते. एक निशिगंधाच्या सासूबाईंचा, चंदनाचा हार घातलेला. दुसरा गांधी टोपीतल्या भाऊ केळसकरांचा, म्हणजे मोरेश्वरांच्या, घरातल्या अण्णांच्या, वडिलांचा. त्याला हार नव्हता.

“दोन्ही हार मीच पुण्याहून आणले होते,” निशिगंधा म्हणाली आणि थबकली. “अरेच्चा, हा कुठं गेला?”

“पडला असेल,” देवव्रत म्हणाला आणि सोफ्याखाली बघून आला. सोफ्याखाली एक जांडल होती, म्हणजे रबरी चप्पल.

इरावतीनं एकेकाला विचारायला घेतलं. पहिला शुभम. त्यानं आढेवेढे न घेता सांगितलं, की मंडळाच्या दोघा-तिघांनी ‘मुस्लिम लीगवाल्यांचा फोटो पोस्टरवर कशाला’ म्हणून कटकट केली होती आणि त्यानं अण्णांना फोटो बदलायची विनंतीही केली होती. अण्णांनी त्याला तासभर शिकवून परत पाठवलं. पण तो मंगळवारी येऊन गेला होता, त्यानंतर थेट आजच आला होता. निशिगंधानं बुधवारी सकाळी भिंत पुसली, तेव्हा फोटो आणि हार दोन्ही जागच्या जागी होते.

मग निशिगंधा. तिला हे व्याख्यानच नको होतं. पंच्याऐंशीचं वय, त्यात हा विषय निघाला की अण्णांचं डोकं तापतं. “त्यांच्या वडिलांना सेहेचाळीसच्या निवडणुकीत लीगच्या उमेदवारानं पाडलं. ते दुःख त्यांना अजून पचलेलं नाही. चिडले की तेवढंच म्हणतात, लीगनं माझ्या बापाला पाडलं.” एरवी माणूस सरळ होता. दोन वेळा जेवण, वाचन आणि संध्याकाळी पेटोनीच्या किनाऱ्यावर फेरीबोट बघायला जाणं. वारा असो, पाऊस असो, त्यात खंड नाही. लहानपणी हर्णैच्या बंदरावर रोज संध्याकाळी बोट बघायला जायचे, तीच सवय म्हणे.

“बघितलंस, वहिनी?” जिन्यात देवव्रत कुजबुजला. “लीगवर राग. फोटोतला टोपीवाला लीगचा. म्हातारबुवांनी फाडून टाकला असणार.”

“फाडायचा असता तर पोस्टरवर छापायला कशाला दिला असता?” इरावती म्हणाली.

मोरेश्वर केळसकर खिडकीशी बसले होते. जन्मभर दापोलीत इतिहास शिकवलेला माणूस. फोटोचं विचारल्यावर त्यांनी खांदे उडवले. विषयाचं विचारल्यावर मात्र शिक्षक जागा झाला. देवव्रतला शाळेत कुणी इतकं प्रेमानं शिकवलं नव्हतं.

एकोणीसशे सहा साली मुसलमान पुढाऱ्यांचं शिष्टमंडळ सिमल्याला व्हाइसरॉयकडे गेलं, त्याच वर्षअखेर ढाक्याला लीग स्थापन झाली. नऊ साली सरकारनं विभक्त मतदारसंघ दिले. मुसलमानांच्या जागेवर उभा राहणार मुसलमानच आणि त्याला मत देणारेही मुसलमानच. सोळा साली लखनौला काँग्रेसनंही ते मान्य केलं, आणि तो करार घडवणाऱ्या जिनांना तेव्हा लोक एकीचे दूत म्हणत होते. चाळीस साली लाहोरला त्याच जिनांच्या अध्यक्षतेखाली वेगळ्या राष्ट्रांचा ठराव झाला.

“एका घरात दोन चुली मांडून द्यायच्या,” अण्णा म्हणाले, “आणि मग विचारायचं, भाऊ वेगळे का झाले. आणि मत होतं किती जणांना? मूठभरांना. बाकीच्यांनी नुसती बोचकी बांधली.”

दक्षिणेचा गार वारा सुटला होता. त्यांनी कपाट उघडून शाल काढली आणि दार लगेच लावलं. तेवढ्यात खोलीभर चंदनाचा वास पसरला.

इरावती उठली. “अण्णा, मला वाटतं मला कळलंय. इथं बोलू की खाली?”

अण्णाही उठले. “खाली,” ते म्हणाले. “मी पोरांच्या चुका फळ्यावर सगळ्यांदेखत दुरुस्त केल्या. माझी लपवायची कशाला?”

शुभमला खोक्यांसकट निरोप दिला. हॉलमध्ये सलमा, निशिगंधा, अण्णा आणि हे दोघे उरले.

“फोटो घरातल्यानं काढला,” इरावती म्हणाली. “खिळे सावकाश वाकवले, काच पुसली, फ्रेम परत लावली. बाहेरच्याला एवढी सवड नसते. आणि तो सलमाच्या फोननंतर काढला, कारण बुधवारी सकाळपर्यंत तो होता. आता हार. फोटोबरोबर हारही गेला. पुरावा नष्ट करणारा माणूस बरोबर हार नेत नाही. आपल्याकडे हार घालतात तो गेलेल्या माणसाच्या फोटोला, आणि घालतं घरचंच माणूस. म्हणजे ज्यानं फोटो नेला, त्यानं त्याला हार घातला. तुर्की टोपीतला तो माणूस त्याचं कुणीतरी होता.”

“वडिलांचे मित्र होते ते,” निशिगंधा म्हणाली. “अण्णाच सांगायचे.”

“मित्रासाठी कुणी वडिलांच्या गळ्यातला हार काढत नाही, निशिगंधा. तू म्हणालीस, अण्णांच्या वडिलांना लीगच्या उमेदवारानं पाडलं. आणि अण्णांनी आत्ताच देवव्रतला शिकवलं, की लीगचा उमेदवार ज्या जागेवर उभा असतो, तिथं त्याच्यासमोर फक्त मुसलमानच उभा राहू शकतो. भाऊ केळसकर लीगकडून पडूच शकत नव्हते. त्यांना ती निवडणूक लढवताच येत नव्हती.”

देवव्रतनं विचारलं, “मग पडलं कोण?”

“फोटोत मधोमध बसलेला माणूस. लीगच्या विरोधात उभा राहिलेला मुसलमान. अण्णा चिडले की खरं बोलायचे, फक्त ऐकणाऱ्यांनी बाप चुकीचा धरला.” तिचा आवाज खाली आला. “तापातला तो मुलगा गेला नाही. भाऊ केळसकरांनी त्याला वाढवलं, नाव दिलं, शिकवलं. सलमा, हे तुझ्या नानीचे भाऊ.”

अण्णा वर गेले. आले तेव्हा हातात फोटो होता आणि फोटोवर चंदनाचा हार.

“सुमनलासुद्धा कधी सांगितलं नाही,” ते बायकोच्या फोटोकडे बघत म्हणाले. “अब्बा पडले आणि गावानं आम्हाला वाळीत टाकलं. सख्खा काका लीगचा, तोही बोलेना. त्या वर्षातच अब्बा गेले. मग अम्मी म्हणाली, बरा हो, मी न्यायला येते.” त्यांनी फोटोवरचा हार सरळ केला. “बुधवारी या पोरीचा फोन आला. तेव्हा कळलं, की आमची फातिहा कधीच उरकली होती. अम्मीनं मला मेलेला ठरवलं आणि बोटीत बसली. मग म्हटलं, ठीक आहे. फोटोत दोघेही मेलेलेच की. एक हार पुरला.”

सलमा रडायला लागली होती. निशिगंधानं सासऱ्याचा हात धरला आणि तो सोडला नाही.

“अम्मीनं नाही, अण्णा,” इरावती म्हणाली. “तुम्ही जिवंत होतात, मग तुम्ही गेल्याचा निरोप गावाहून कोण आणणार? आलेल्या माणसानं ताप उतरल्याचंच सांगितलं असणार. अम्मी पडद्यात होती. तिच्यापर्यंत निरोप पोचायला एकच वाट होती, बारा वर्षांची मुलगी. तो निरोप वाटेत बदलला.”

अण्णा खुर्चीत बसले. त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी एकदम गळून पडलं, आणि त्यांचं वय दिसायला लागलं.

सलमानं फोन लावला. हॉस्पिसच्या खोलीत तिच्या आईनं नानीला उशांवर टेकवून बसवलं. सलमानं फोटोवरचा हार काढला आणि फोटो कॅमेऱ्यासमोर धरला. नानी बापाकडे क्षणभरच बघत होती. मग तिचं बोट मांडीवरच्या मुलाकडे गेलं आणि तिथंच राहिलं.

“आपा,” अण्णा म्हणाले. हा शब्द त्या घरात कुणी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

म्हातारीनं कॅमेऱ्यात डोळे बारीक करून पाहिलं. तिला सांगावं लागलं नाही. ती तुटक तुटक बोलू लागली. चाचा म्हणाला, पोर बरा आहे हे कळलं तर तुझी आई परत फिरेल, मग तुम्ही दोघी इथंच मराल. सांग तिला, गेला म्हणून. तिनं सांगितलं. अम्मी बोटीवर चढली, पण पुढं मरेपर्यंत तिनं कधी गोड खाल्लं नाही. अम्मीला खरं सांगायची हिंमत नानीला शेवटपर्यंत झाली नाही.

“मी तुला मारलं रे, बशीर,” ती म्हणाली. “तू वाट बघितलीस का?”

अण्णांनी शाल सारखी केली.

“नाही, आपा,” ते म्हणाले. “पोराची जात. ताप उतरला, खेळायला लागलो, विसरून गेलो. भाऊंनी फार लाड केले. वाट कशाला बघू?”

“खरंच ना?”

“अब्बाची कसम.”

नानीनं डोळे मिटले. तिचा चेहरा हळूहळू सैल झाला. तिच्या मुलीनं कपाळावरून हात फिरवला आणि आता झोपू दे, असं खुणेनं सांगितलं.

देवव्रत काहीतरी बोलायला पुढे झाला. हर्णैचं बंदर, रोजची बोट, पेटोनीचा किनारा, त्याच्या डोक्यात सगळं जुळलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं बरोबर निष्कर्ष काढला होता. इरावतीनं त्याच्या पायावर पाय ठेवला आणि तो गप्प बसला. खोटं पकडण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. हे एक तिनं पकडलं नाही.

निशिगंधानं सगळ्यांसाठी चहा टाकला आणि उद्याची ऑकलंडची तिकिटं बघायला घेतली. सलमानं फोटो कागदात गुंडाळला. हार अण्णांनी स्वतःच्या हातानं भाऊंच्या फोटोला परत घातला आणि नीट बसला की नाही ते मागे सरकून पाहिलं.

तिकिटं जुळेपर्यंत बाहेर उन्हं कलली होती. फेरी सुटायची वेळ झाली. अण्णा खिडकीकडे पाठ करून बसले आणि त्यांनी चहाचा कप हातात घेतला.