पीळ

संघप्रियाच्या लॅबमध्ये एक जुना नियम होता. नव्या रंगाची बाटली उघडली की आधी स्वतःचं बोट टोचायचं. आपल्या पेशी नीट रंगल्या तरच पेशंटच्या स्लाइडला तो रंग लावायचा. दुसरा नियम डॉक्टरांच्या चिकटपणाचा. वापरलेली काच टाकायची नाही, साबणाने धुवून पुन्हा घ्यायची. राजारामपुरीतल्या त्या दोन खोल्यांत बारा वर्षं तिने दोन्ही नियम मुकाट्याने पाळले होते.

शनिवारी सकाळी अकराला तिचा धाकटा भाऊ प्रसेनजीत आला. एकशेदहा किलोचा पैलवान, पण मान एका बाजूला धरून.

"आक्का, मान आवळल्यागत हुतीया. अंगात कणकण बी हाय. उद्या मैदान हाय. रक्त बघ की."

तिने रक्त काढून घेतलं आणि त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं. 

महिन्यापूर्वी तालमीच्या हौद्यात, कुस्तीच्या मातीत, त्यांच्या आतेभावाची, दादासोची, मान मोडली आणि पुढे दवाखान्यात तो वारला. सरावात डाव चुकला, असं प्रसेनजीत म्हणाला आणि ते सगळ्यांना पटलं. संघप्रिया मात्र दुधाची किटली घेऊन दारातच उभी होती. दादासोने लाल मातीवर तीन थापा मारल्या होत्या. 'सोड', एवढाच त्याचा अर्थ. तालमीतल्या पोरासोरांनाही तो कळतो. प्रसेनजीतने सोडलं नाही. उलट पीळ दिला. हाड मोडल्याचा आवाज तिने ऐकला होता. आत्याने, दादासोच्या आईने, पदर पसरून विचारलं तेव्हाही ती बोलली नाही. सख्खा भाऊ होता, काय करणार होती?

तिने दोन स्लाइड केल्या. नवी बाटली होती, म्हणून एक स्वतःची. दुसरी त्याची. त्याच्या काचेचा कोपरा फुटका होता, हे रंग धुताना लक्षात आलं, आणि तिचा हात थबकला. दवाखान्यातून आलेलं दादासोचं रक्त तिने याच काचेवर पसरलं होतं. नंतर तिनेच ती धुतली होती, दोनदा.

आधी तिने स्वतःची स्लाइड पाहिली. सगळं जागच्या जागी होतं. पांढऱ्या पेशींची जांभळी केंद्रकं, तीन-चार गाठींची, गाठी बारीक धाग्याने जोडलेल्या. भोवती दाणे. त्या दाण्यांत विरघळवणारा रस असतो. पेशीने जंतू गिळला की दाणे त्याच्यावर रिते होतात. तोच रस आतल्या आत फुटला तर पेशी स्वतःलाच खाते. कॉलेजातले सर त्यांना आत्मघाती पिशव्या म्हणायचे.

मग भावाची स्लाइड.

पहिल्या पेशीच्या केंद्रकाचा धागा तुटलेला होता. दुसऱ्या पेशीचाही. सवयीने ती मोजत गेली. पन्नास, सत्तर, शंभर. शंभरही धागे एकाच जागी, पिळून तुटले होते. काच धुताना ओरखडली असेल, असं तिने स्वतःला बजावलं.

एकशे एकावी पेशी धड होती. तिच्या शेजारी दुसरी.

त्या दुसरीने हात काढला. पेशीला हात फुटतो, जंतू धरायला. पण जिवंत असताना. ही तर रंग लावताना मेलेली होती. तरी तो हात सरकत आला, पहिलीचा पडदा भोसकून आत शिरला आणि केंद्रकाच्या धाग्याभोवती वळला.

बाहेर प्रसेनजीत खोकला.

"आक्का..."

धागा ताणला. दाणे एकेक करून फुटू लागले. पेशीच्या आतलं सगळं विरघळून लाल चिखल झाला, हौद्यातल्या मातीच्या रंगाचा.

"दादू, सोड त्याला," ती पुटपुटली. "भाऊ हाय माझा. सोड की!"

बाहेर बाकावर थाप पडली.

दुसरी.

तिसरी.

पकड सुटली नाही. पीळ बसला.

तिने स्लाइड ओढून फरशीवर आपटली. काच फुटल्याचा आवाज झाला आणि त्यासोबत बाहेरूनही एक आवाज आला. तो तिने आधी एकदा ऐकला होता.

मंगळवारी ती कामावर आली. दुपारी मीनाबाई आत्या आली आणि दारातच उभी राहिली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"संघे, दोघं बी गेली आता. कुणाला वाचवायचं ऱ्हायलंय? त्या दिशी तू दारात हुतीस. काय बघितलंस?"

मेलेल्या भावाचं नाव खुनी म्हणून घ्यायला तिची जीभ रेटेना.

"काय न्हाय बघितलं, आत्या."

मीनाबाई निघून गेली. ट्रेमध्ये शनिवारची उरलेली स्लाइड तशीच पडली होती, संघप्रियाची स्वतःची. तिने ती भिंगाखाली घेतली. केंद्रकं जांभळी होती, दाणे जागेवर होते, एकही धागा तुटलेला नव्हता.

फक्त प्रत्येक धाग्याला एकेक पीळ पडला होता.