ब्रेकवरचा पाय

ही घटना खरी आहे. जिच्या बाबतीत घडली ती मुलगी, मैत्री, अजून विश्रांतवाडीतच राहते आणि रोज तीच गाडी चालवते.

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. हे घडलं ते भर दुपारी. गेल्या वर्षी, एप्रिलमधल्या एका रविवारी, तीनच्या सुमाराला. येरवड्यात, रहीमचाचांच्या गॅरेजमध्ये.

मैत्रीचे वडील पोपटराव डिसेंबरात गेले. हडपसरच्या नर्सरीतून रोपं आणि कुंड्या घ्यायच्या आणि पुणंभर पोचवायच्या, हा त्यांचा धंदा. तरुणपणीच्या एका अपघातात डावा गुडघा कामातून गेला होता, क्लच दाबता यायचा नाही. म्हणून खूप शोधाशोध करून त्यांनी ऑटोमॅटिक गिअरची जुनी पिकअप घेतली होती. ते गेले तेव्हा तिच्या काट्यावर तीन लाख बारा हजार किलोमीटर होते.

ते गेल्यानंतरचे चार महिने मैत्रीला नीटसे आठवत नाहीत. दाखले. झेरॉक्स. रांगा. भेटायला येणारी माणसं आणि त्यांना पुन्हा पुन्हा तेच सांगणं. रडायला तिला सवडच झाली नाही. रात्री अंथरुणावर पडली की डोळे मिटायचे आणि सकाळी उघडले की ती आदल्या दिवसाइतकीच दमलेली असायची.

त्यात गाडी कुरकुरायला लागली. चढावर गिअर पडायचाच नाही. इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी जागच्या जागी. भाऊ प्रज्ञेशचं म्हणणं होतं, भंगारात द्या.  आई ललिताबाई रोज सकाळी खाली जाऊन गाडीची काच पुसून यायच्या.

मैत्रीला मात्र गाडी ठेवायची होती. त्या सीटला अजून पप्पांचा वास होता. घरात दुसरं काही तसं उरलं नव्हतं.

रहीमचाचा म्हणजे पप्पांचे तीस वर्षांचे मित्र आणि तितकीच वर्षं त्यांचे मेस्त्री. त्यांनी गाडी चालवून पाहिली आणि सांगितलं, गिअरचं ऑईल बदलायला हवं. दर साठ हजार किलोमीटरला ते आणि पोपट मिळून बदलायचे. या वेळची पाळी दवाखान्याच्या फेऱ्यांमध्ये हुकली. आता ऑईल जळून काळं झालं असणार.

धोकाही त्यांनी स्पष्ट सांगितला. इतक्या चाललेल्या गाडीचं जुनं ऑईल काढलं की कधी गाडी सुधारते, कधी गिअरबॉक्स कायमचा बसतो. आधी कळत नाही.

"नाही बदललं तर?" तिनं विचारलं.

"तरी पावसाळ्यापर्यंत बसेलच. सावकाश."

तिनं बदला म्हणून सांगितलं.

शनिवारी संध्याकाळी तिनं गाडी गॅरेजमध्ये लावली. रविवारी जेवण करून आली तेव्हा आजूबाजूची दुकानं बंद होती. वीज गेलेली. पत्र्याखाली नुसता उकाडा. गाडी तोंड भिंतीकडे करून तशीच उभी होती. रहीमचाचा पुठ्ठा अंथरून खाली सरकले, पाना मागितला, नट सोडला. काळपट ऑईलची धार घमेल्यात पडायला लागली.

मग ती धार पडत असतानाच त्यांचा हात थांबला...

काल गाडी कधी लावलीस, त्यांनी खालून विचारलं. तिनं सांगितलं, साडेसहाला. त्यानंतर कुणी चालू केली का? किल्ली तर तिच्याच पर्समध्ये होती.

"ऑईल गरम आहे," ते म्हणाले.

उकाड्यामुळे असेल, ती म्हणाली.  त्यांनी जेवढं निघालं तेवढं बाटल्यांनी मोजलं, नट परत बसवला आणि बरोबर तेवढंच नवं, लालभडक ऑईल भरलं.

यापुढचं काम दोन माणसांचं. इंजिन चालू ठेवायचं. एकानं आत बसून ब्रेक दाबून धरायचा आणि गिअर एकेक करून टाकायचे: आर म्हणजे रिव्हर्स, एन म्हणजे न्यूट्रल, डी म्हणजे पुढचा, शेवटी पुन्हा पार्किंगचा पी. प्रत्येक गिअरला तीन सेकंद थांबायचं. दुसऱ्यानं खाली झोपून गिअरबॉक्सला हात लावून बघायचं, गिअर नीट बसतोय का.

हे चाचा आणि पप्पा, दोघांचं ठरलेलं काम होतं. रहीमचाचांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं. म्हणून खालून त्यांनी गिअरचं नाव घ्यायचं आणि पप्पांनी तो टाकून, खिडकीतून हात बाहेर काढून दारावर दोनदा थाप मारायची.

टप टप. म्हणजे टाकला.

चाकांना दगड ते कधीच लावत नसत. गाडीच्या हँडब्रेकची केबल कधीच तुटलेली होती, तरीही. आत पोपट असताना दगड कशाला, असं रहीमचाचा म्हणायचे.

आता आत मैत्री बसणार होती. पण आधी इंजिन दहा मिनिटं चालून तापायला हवं होतं. तेवढ्यात चहा घेऊन ये, चाचा म्हणाले. तिनं इंजिन चालू केलं, गिअर पार्किंगलाच आहे हे पाहिलं आणि कोपऱ्यावरच्या टपरीकडे गेली.

टपरीवर गर्दी नव्हती. तरी ती दोन मिनिटं जास्त उभी राहिली. कुणी काही विचारत नव्हतं, एवढ्यासाठीच.

चहाची पिशवी घेऊन ती परत निघाली. गॅरेजचं फाटक वीस पावलांवर असेल, तेव्हा चाचांचा आवाज आला.

"आर."

तिला वाटलं, शेजारच्या कुणाला तरी आत बसवलं असेल...

टप टप.

ती फाटकात आली. गाडीची पाठ तिच्याकडे होती. मागचा पांढरा दिवा लागला होता. रिव्हर्सचा. त्याच्या दोन्ही बाजूंना ब्रेकचे लाल दिवेही. बरं झालं, तिच्या मनात आलं, कुणीतरी ब्रेकवर आहे.

"एन."

पांढरा दिवा विझला.

टप टप.

आणि तेव्हा तिनं मागच्या काचेतून आत पाहिलं.

सीट रिकामी होती.

ती एक पाऊल बाजूला सरकली. ड्रायव्हरच्या बाजूचं दार दिसलं. त्यावर पत्र्याच्या भोकातून उन्हाचा एक पट्टा पडला होता. खिडकीची काच खाली होती. आत कुणी नव्हतं. बाहेर कुणी नव्हतं.

ब्रेकचे दिवे मात्र लागलेलेच होते...

गाडीखालून रहीमचाचांचे नुसते पाय दिसत होते. मागच्या चाकापासून हातभर अंतरावर. ओरडायला हवं होतं. ती त्या लाल दिव्यांकडे बघत राहिली.

चाचा बराच वेळ काही बोलले नाहीत. इतका वेळ ते कधी थांबत नाहीत.

मग, अगदी हळू...

"डी."

गाडीला एक हलका हिसका बसला. आता ती पुढे सरकणार होती. ऑटोमॅटिक गाडीला पुढे जायला रेस द्यावी लागत नाही. ब्रेक सुटला की ती निघते.

गाडी सरकली नाही.

टप टप.

मैत्रीच्या हातातून चहा कधी पडला, तिला आठवत नाही. तिनं दार उघडलं. गिअर डी वर होता. आणि ब्रेकचं पेडल... खाली होतं. पार खाली. दाबलेलं. त्यावर काहीच नव्हतं.

ती चढली, बसली आणि त्यावर आपला पाय ठेवला.

पेडलला भारच नव्हता. कुणीतरी आधीच दाबून धरलेल्या पेडलवर पाय ठेवला की जसं लागेल, तसं. तिनं सगळा जोर लावला. काही क्षण तसेच गेले. मग तिच्या तळव्याखाली ते पेडल वर यायला लागलं. एकदम नाही. हळूहळू, जरा जरा. एखादं जड ओझं देणारा माणूस, समोरच्यानं नीट धरलंय ना हे पाहून हात सोडतो, तसं.

आणि मग तीन लाख किलोमीटर चाललेल्या गाडीची सगळी ओढ तिच्या एका पायावर आली.

तिनं धरून ठेवलं.

"पी," चाचा म्हणाले.

तिनं गिअर पार्किंगला टाकला. थाप मारायचं तिला सुचलं नाही.

 मग चाचांनी विचारलं, "टाकला का?"

"टाकला."

ऑईलची पातळी बरोबर निघाली. चाचांनी नट आवळला, बाहेर आले, हात धुतले. सांडलेल्या चहाकडे त्यांनी एकदा पाहिलं. तिनं पाहिलेलं त्यांना सांगितलं नाही. म्हातारा माणूस, उगीच घाबरेल, असं तिला वाटलं. घरी जाताना गाडी लोण्यासारखी चालली. आईला तिनं एवढंच सांगितलं की गाडी वाचली. पप्पांचा वास सीटला नाही, हे तिच्या लक्षात दुसऱ्या दिवशी आलं.

जुलैमध्ये वायपर बदलायला ती पुन्हा गॅरेजमध्ये गेली. काम झाल्यावर चाचांनी स्टूल पुढे सरकवलं. बस म्हणाले.

"त्या दिवशी आर म्हणालो ते सवयीनं. तू चहाला गेलीयस हे डोक्यातच नव्हतं. थाप ऐकली, बरं वाटलं. मग एन म्हटलं... आणि फाटकात मला तुझ्या चपला दिसल्या."

मैत्रीनं मनात क्रम लावला. म्हणजे त्यानंतर, सगळं माहीत असून, त्यांनी डी म्हटलं होतं.

"बाहेर का नाही आलात, चाचा?"

ते फडक्यानं एकेक बोट पुसत होते. "तीस वर्षं त्याच्या पायाच्या भरवशावर खाली झोपलोय, बेटा. म्हटलं, बघू, अजून धरतोय का."

"आणि नसता धरला तर?"

"मग त्यालाच जाऊन विचारलं असतं." ते हसले नाहीत. मग म्हणाले, "भीती वाटली ती नंतर. तू बसलीस तेव्हा. थाप आली नाही ना."

एवढंच. पुन्हा तो विषय त्या दोघांत निघालेला नाही.

गाडी उत्तम आहे. चढावर कुरकुर नाही. पण त्या दिवशी आपण पप्पांना मोकळं केलं, की बसल्या जागेवरून उठवलं, हे मैत्रीला अजून ठरवता आलेलं नाही. पाय ठेवला नसता तर ते किती वेळ बसले असते, हेही नाही. रोज सकाळी किल्ली फिरवण्याआधी ती पाय ब्रेकच्या वर, अधांतरी धरते. थोडा वेळ थांबते. मग खाली बघते.

पेडल वरच असतं.

ती ते दाबते आणि निघते.