दोन इंचांचं मार्जिन

टेपचं टोक भक्तीच्या हातून निसटलं आणि लॉजच्या गॅलरीतून थेट खालच्या टेलरच्या दुकानासमोर लोंबकळायला लागलं.

"मॅडम, वरून मासे धरायलाव का?"

गळ्यात टेप, कानावर खडू आणि डोळ्यांत नको तितकी मजा... हा बजरंग. भक्तीला हसायचं नव्हतं, पण हसू आलंच.

परभणीच्या स्टेशनजवळचं ते जुनं लॉज. खाली दुकानं, वर मधल्या चौकाभोवती बारा खोल्या. पुढे कुणीतरी प्लायवूड ठोकून बाराच्या वीस केल्या, जिनाही हलवला. मालकाला आता सगळं मूळचं हवं होतं, आणि जुना नकाशा कुणाकडेच नव्हता. भिंती मोजून तो काढायचा, सोमवारी द्यायचा. नोकरीतलं हे भक्तीचं पहिलंच काम.

टेपचं दुसरं टोक धरायला बजरंग वर आला तो चार दिवस येतच राहिला. तो आकडा सांगायचा, ती लिहायची. मधे चहा, त्याच्या गावच्या, वालूरच्या गप्पा, तिच्या गावच्या, झरीच्या. आकडा सांगून झाल्यावरही तो तिच्याकडेच बघत राहायचा आणि ती उगाच वहीत डोकं घालायची.

शनिवारी नकाशा काही केल्या जुळेना. खोल्यांची बेरीज इमारतीच्या बाहेर चालली होती.

"बजरंग, तुम्ही वाढवून सांगितलंत?"

"दोन-दोन इंच. मार्जिन सोडावं लागतं की. कापड कमी पडलं तर?"

"ती भिंत आहे, ब्लाउज नाही," भक्तीने कपाळाला हात लावला.

"मंजे... उद्या परत यावं लागल तुमाला?" त्याचा चेहरा काही पडलेला दिसला नाही.

रविवारी ती चार नंबरच्या खोलीत थबकली. सगळीकडे शहाबादी फरशी, इथे मात्र एका पट्ट्यात लाकडी फळ्या. खाली बजरंगचं दुकान.

"तुमच्या छतातली तुळई भिंतीपासून सात फूट चार इंचांवर तोडलेली आहे. हा फळ्यांचा पट्टाही तिथेच निघाला, तर मूळचा जिना तुमच्या दुकानातूनच वर येत होता," ती हळूच म्हणाली. "मग दुकान जाईल."

बजरंगने टेप ताणला. आकडा दोनदा वाचला.

"सात फूट चार. बरोबर."

"दोन इंच वाढवले असते तर मला कळलंही नसतं..."

"तुमचं पहिलं काम हाय. ते चुकू द्यायचं न्हाई मला."

भक्तीला एकदम भरून आलं. ती आत्ताच्या जिन्याखाली गेली आणि भिंत चाचपत राहिली. चुन्याखाली खाचा लागल्या... दुकान बंद करायच्या फळ्या बसवायच्या खाचा.

"इथं या," तिने हाक मारली. "मूळचं दुकान इथं होतं. जिना तिकडे जाईल, तुम्ही इकडे. मालकांना सगळं मूळचंच हवंय ना?"

बजरंग खाचांवरून बोट फिरवत राहिला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "नकाशा झाल्यावर तुमी येणार न्हाई. लय करमणार न्हाई मला. तुमी आवडायलाव."

"यात मार्जिन किती?"

"जराबी न्हाई. हाय तेवढंच सांगितलं."

भक्तीने टेपचं टोक त्याच्या हातात दिलं. "मग धरा नीट. तुमचं नवं दुकान मोजायचंय... आणि सावकाश मोजू. मला घाई नाही."