दोन बोटांनी धरलेली पिन

ज्या शुक्रवारी डॉक्टरांनी सांगितलं की स्वरपेटी काढावी लागेल, त्या दिवशी धोंडिबांनी एकच प्रश्न विचारला. "म्हणजे सगळाच आवाज जाणार?" डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली. ऑपरेशन सोमवारी सकाळी ठरलं.

पोस्टातून निवृत्त झालेले धोंडिबा दरवर्षी जयंतीला स्वतः रचलेली गाणी म्हणत. ती रेकॉर्ड करायची म्हणून त्यांच्या मुलीनं, आम्रपालीनं, एक जुना ऑडिओ इंटरफेस ऑनलाइन विकत घेतला होता. एका बाजूला माइक, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप, मध्ये हा लोखंडी डबा. सवडीनं करू म्हणता म्हणता तो कपाटावरच राहिला. त्या संध्याकाळी तिनं तो जोडला. लॅपटॉपवर दिसला आणि मिनिटभरात नाहीसा झाला. पुन्हा जोडला, पुन्हा गेला. मोबाईलवर रेकॉर्ड करून पाहिलं, तर धोंडिबांचा बसका आवाज नुसता फाटलेला येत होता.

शनिवारी ती तो घेऊन बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेली. दुकानदारानं डबा उलटसुलट करून पाहिला.

"याला कंपनी विसरली, तुम्हीपण विसरा. नवा मागवतो. सोमवारी संध्याकाळी मिळेल."

"सोमवारी संध्याकाळी उपयोग नाही हो."

शेजारी केबल बघत उभा असलेला तरुण वळला. "हा माझा डबा आहे. कोपऱ्यावरचा ओरखडा मीच पाडलाय."

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "आमोद तुम्हीच का? जाहिरातीत 'उत्तम चालू स्थितीत' लिहिणारे?"

"चालूच होता."

"माझ्याकडे मिनिटभर चालतो."

"त्याचं फक्त माझ्या जुन्या लॅपटॉपशी जमतं. नव्यांना तो ओळख देत नाही."

"मग तसं लिहायचं."

"तुम्ही विचारलं नाहीत."

तो हसत होता. सोमवारी सकाळी काय आहे ते तिनं सांगितलं, तेव्हा त्याचं हसू गेलं. "पत्ता द्या," तो म्हणाला. "उद्या लॅपटॉप घेऊन येतो."

रविवारी सकाळी आतल्या खोलीतला पंखा बंद केला, फ्रिज बंद केला. जवळ मोबाईल असला की डबा गुरगुरायचा, म्हणून तिघांचे मोबाईल बंद करून बाहेर ठेवले. आधी डबा सुरू करायचा, हिरवा दिवा लागला की मग लॅपटॉप. जमलं. धोंडिबांनी गाणं धरलं आणि दुसऱ्याच कडव्याला दिवा विझला.

आमोदनं डबा फिरवला. मागची विजेच्या वायरची पिन सैल झाली होती. दोन बोटांनी किंचित वर उचलून धरली की दिवा लागायचा. सोडली की सगळं पहिल्यापासून. तेवढ्या वेळात धोंडिबांना खोकला यायचा, आणि खोकल्यानंतरचा आवाज आधीच्यापेक्षा कमी असायचा.

"मी धरून बसतो," आमोद म्हणाला आणि फरशीवर मांडी घालून बसला. आम्रपाली शेजारी माइक सावरत बसली. गाण्यामागून गाणं होत गेलं. गरम पाणी प्यायला धोंडिबा थांबले की दोघं कुजबुजत.

"मुंग्या आल्या."

"हाताला की डोक्याला?"

"तुमच्या घरी पाहुण्यांना चहा नसतो का?"

"असतो. उत्तम चालू स्थितीतल्या पाहुण्यांना."

"तुमचं झालं की सांगा," धोंडिबा म्हणाले. "मग मी गातो."

दोघांनी माना खाली घातल्या. तिचे कान लाल झालेले त्यानं पाहिले.

"आता एकच," धोंडिबा म्हणाले. "हिच्या आईचं. कांता गेल्यावर रचलं. कुणापुढं म्हटलेलं नाही."

त्यांनी डोळे मिटले. आवाज चिरत होता, पण चालीत होता. आम्रपालीला हे गाणं असल्याचंच ठाऊक नव्हतं. तिसऱ्या कडव्याला तिचे डोळे वाहायला लागले. माइकसमोर हुंदका चालणार नव्हता. तिनं ओठ दातांखाली धरले, खांदे हलायला लागले... आमोदनं मोकळा हात पुढे केला. तिनं तो घट्ट धरला. तो तिच्याकडे झुकला, आणि दुसऱ्या हाताची बोटं सरकली.

दिवा विझला.

दोघांनीही तो पाहिला. धोंडिबा डोळे मिटून शेवटचं कडवं म्हणत होते. त्यांना थांबवायला कुणाचीच जीभ रेटली नाही.

"आलं का रे?" त्यांनी डोळे उघडून विचारलं.

"शेवटचं नाही आलं," आमोद म्हणाला. "माझा हात सुटला, काका."

धोंडिबांची नजर पिनेवर गेली. मग अजून एकमेकांत असलेल्या दोन हातांवर. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. नुसता खोकला आला. ते उठले, आणि जाताना आमोदच्या डोक्यावर हात ठेवून गेले.

ऑपरेशन नीट झालं. धोंडिबा घरी आले, खुणांनी बोलायला लागले. आमोद रोज संध्याकाळी येऊ लागला. शेवटच्या कडव्याचे शब्द धोंडिबांनी कागदावर लिहून दिले. चालीवरून मात्र भांडण होतं.

"शेवटी वर जाते."

"खाली येते. मी शेजारीच होतो."

"तुझं लक्ष होतं का गाण्याकडे?" ती म्हणून गेली. पहिल्यांदाच 'तुझं' म्हणाली होती.

"नव्हतं," तो म्हणाला. "तुझ्याकडे होतं. त्यासाठी... तुझा राग असेल माझ्यावर."

"आहे. म्हणून तर रोज बोलावते." ती त्याच्याजवळ सरकून बसली. "राग जाईपर्यंत यायचं. आणि तो काही जायचा नाही."

"मग कायमचाच येतो," आमोद म्हणाला.

तिनं त्याचा हात हातात घेतला आणि दोघं पुन्हा ते कडवं म्हणायला लागले. समोरच्या खुर्चीत धोंडिबा ऐकत होते. तिनं म्हटलं, त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. त्यानं म्हटलं, तरी नाहीच.

शेवटच्या कडव्याची चाल अजून सापडलेली नाही.