आईच्या गुडघ्यांसाठी खुर्ची

डॉक्टरांनी आईला जमिनीवर बसायची बंदी केली, तेव्हा माझा भाऊ सुमित म्हणाला, शोरूममधून सोफा घेऊ. मी नाही म्हणाले. गुडघेदुखीचं माणूस सोफ्यात रुतलं की त्याला उठवायला दोघं लागतात. मला उंच बैठकीची, हातांवर रेटून उठता येईल अशी भक्कम खुर्ची हवी होती, आणि तसलं सागवान आता नव्यात मिळत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते. दिखाव्याला भुलत नाही.

विजापूर वेशीजवळ सोमशेखर यांच्या जुन्या सामानाच्या गाळ्यात ती मिळाली. काळपट लाकूड, बैठकीला एकच रुंद फळी, उजव्या हाताच्या टोकाला बोट मावेल एवढा खळगा. सोमशेखर म्हणाले, गिऱ्हाईक बसून बघतं, उठतं आणि गुपचूप स्टूल घेऊन जातं. मी म्हटलं, मी स्टूल न्यायला आलेली नाही.

जानेवारी होता. सकाळी फरशीवर पाय ठेववत नव्हता. खुर्ची हॉलमध्ये ठेवली, ओल्या फडक्यानं पुसली, तर बैठक कोमट. नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी. तिथं ऊनही येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेतून तापमापी आणली. खोली वीस अंश, खुर्चीचे हात वीस, बैठक सदतीस. लाकूड सावकाश निवतं हे मीच वर्गात सांगते, पण सावकाश म्हणजे चार दिवस नव्हे. चारही दिवस आकडा तोच आला.

रविवारी सुमित आईला माझ्याकडे राहायला घेऊन आला. आई, मीनाबाई, दवाखान्यात आया म्हणून तीस वर्षं उभी राहिलेली, मोठमोठ्या डॉक्टरांना तोंडावर सुनावणारी. खुर्ची दिसताच ती दाराशी थबकली. पदर सारखा केला आणि खाली, थेट फरशीवर बसली. तिचे गुडघे वाजलेले मला ऐकू आले.

मग दुसरा आवाज झाला. टक, टक. खुर्चीच्या उजव्या हातावरून.

आईनं मान खाली घातली. "मी सटवाची मीना," ती बारीक आवाजात म्हणाली. "बा तापानं पडलाय, म्हून मी आली."

मला भीतीपेक्षा संताप जास्त आला. मी तिचा खांदा हलवला, तशी ती भानावर आली. मग हळूहळू सांगू लागली. मंगळवेढ्याकडच्या तिच्या गावात मालक याच खुर्चीत बसायचे आणि माझे आजोबा, सटवा, समोर मातीत. मालकांनी अंगठीनं दोनदा टकटक केल्याशिवाय आमच्या माणसानं तोंड उघडायचं नाही, अशी रीत. तो खळगा त्या अंगठीनं पाडलेला.

सुमित म्हणाला, आत्ताच्या आत्ता परत देऊन येतो.

"खुर्ची कुठं जाणार नाही," मी म्हणाले. "ज्याला जायचंय त्यानं जावं."

आणि मी बसले.

बैठक तापत गेली. खालून कुणी रेटा देत होतं. मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि ठाण मांडून बसले. घाम फुटला तरी उठले नाही.

बऱ्याच वेळानं रेटा थांबला.

उठून तापमापी लावली. वीस.

"आई, आता तू."

"मला जमायचं न्हाय गं."

"डॉक्टरांनी खाली बसायचं नाही म्हणून सांगितलंय की."

मी आणि सुमितनं तिला धरून उठवलं. ती बिचकत टेकली. मग पाठ टेकली. पाय नीट जमिनीला लागले. खुर्ची तिच्या मापाची निघाली.

आई समोरच्या फरशीकडे बघत राहिली, जिथं आत्ता ती बसली होती तिथं.

मी वाकून हात लावला. फरशी कोमट होती. तापमापी ठेवली. पारा चढत गेला आणि सदतीसवर थांबला.

आईचा उजवा हात सावकाश खळग्याकडे सरकला. तिनं बोटानं दोनदा टकटक केलं.

"हं," ती म्हणाली, "बोल आता."

खाली कुणीतरी घसा खाकरला.